एका प्रकरणावरून काय कळतं? : व्यवस्थापनशास्त्र, संशोधन आणि यवतमाळ जिल्हा



यवतमाळ जिल्ह्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार लोकांनी पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयापुढे शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न गेला, तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. पाठोपाठ २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. त्याच वर्षीच्या जुलैत पश्चिम विदर्भातल्या पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं. समित्या आल्या, पत्रकार आले, नेते आले, गाड्यांचे ताफे आले. एवढं सगळं होऊन एक प्रश्न शिल्लक राहतो. या जिल्ह्यातल्या संस्था कशा चालतात, निर्णय कसे घेतात, कुठे अडतात आणि का अडतात, हे आपल्याला किती कळलं? बाजार समिती कशी चालते? कर्जाची फाईल कुठे थांबते? धोक्याची सूचना गावातून जिल्ह्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, आणि मधे ती कुणाच्या टेबलावर पडून राहते?

हे सगळे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत. आकड्यांच्या तक्त्याने त्यांची उत्तरं मिळत नाहीत, आणि एका दिवसाच्या भेटीनेही मिळत नाहीत. त्यांच्यासाठी एक पद्धत आहे. एकच प्रकरण घ्यायचं, त्याची हद्द ठरवायची आणि ते मुळापासून समजून घ्यायचं. तिला आपण केस स्टडी म्हणतो, प्रकरण-अभ्यास म्हणतो. आज मला याच पद्धतीबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं एकाच वाक्यात आधी सांगून टाकतो: जो अभ्यास आपल्या आवडत्या उत्तराला खोटं ठरण्याची पुरेपूर संधी देतो, तोच प्रकरण-अभ्यास संशोधन म्हणवून घेण्याच्या लायकीचा. ही संधी दिली नाही, तर उरते ती हकिगत.

चार मुद्दे क्रमाने घेतो. प्रश्न कसा विचारायचा. पुरावा कसा तपासायचा. उत्तर कसं पारखायचं. आणि एका ठिकाणी सापडलेल्या उत्तराचा पल्ला किती. शेवटी, ज्यांचा अभ्यास होतो त्या माणसांबद्दल थोडं.

आधी एक घोळ दूर करू. व्यवस्थापनाच्या वर्गात केस म्हणून जे वाचायला देतात, ते वेगळं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये १९१९ साली वॉलेस डॉनहम अधिष्ठाता झाले. ते कायद्याचे पदवीधर होते. वकिलीचं शिक्षण जसं खटल्यांवरून होतं, तसं व्यवस्थापनाचं शिक्षण कंपन्यांच्या खऱ्या अडचणींवरून व्हावं, हा आग्रह त्यांनी धरला आणि ती रीत रूढ केली. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली ती हार्वर्डच्या सहकार्याने, आणि ही रीत तिच्याबरोबर आली. वर्गातली केस चर्चेसाठी लिहिलेली असते. तिथे उत्तर मुद्दाम मोकळं ठेवतात. विद्यार्थ्याने स्वतःला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवावं आणि निर्णय घ्यावा, हा तिचा हेतू. संशोधनातल्या प्रकरणाचा हेतू अगदी दुसरा आहे. तिथे काय घडलं आणि का घडलं याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते पुराव्याने टिकवावं लागतं. आपल्या अनेक प्रबंधांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते. संस्थेची स्थापना, संचालक मंडळ, पाच वर्षांचा ताळेबंद, चार छायाचित्रं, आणि वर लिहितात ‘एक अभ्यास’. याला संस्थेचा परिचय म्हणावं. परिचय लिहिणं वाईट नाही, पण त्यात प्रश्नच नसतो. आणि जिथे प्रश्न नाही, तिथे संशोधन कसलं?

म्हणून पहिला मुद्दा : प्रश्न.

रॉबर्ट यिन यांनी १९८४ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक लिहिलं, ते आज जगभर पाठ्यपुस्तकासारखं वापरतात. त्यांचा साधा निकष असा : ‘किती’ हा प्रश्न असेल तर सर्वेक्षण करा. ‘कसं’ आणि ‘का’ हे प्रश्न असतील, घडणारी गोष्ट तुमच्या हातात नसेल, आणि ती तिच्या परिस्थितीपासून तोडून पाहता येत नसेल, तर प्रकरण-अभ्यास करा.

आपल्याच जिल्ह्यातलं, आपल्या सर्वांच्या मनावर अजून ओरखडा असलेलं उदाहरण घेतो. २०१७ चा खरीप. कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा झाली. या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. शेजारच्या जिल्ह्यांतही बाधित होते, पण सर्वांत मोठा घाव यवतमाळला बसला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं पुष्कळ सांगितली गेली. औषधं जहाल होती. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली. हातमोजे नव्हते, तोंडाला धड फडकं नव्हतं. पऱ्हाटी त्या वर्षी छातीच्या, कुठे कुठे डोक्याच्याही वर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. हवा दमट होती. पंप नव्या धाटणीचे होते. बोंडअळीने कास्तकार धास्तावला होता.

यातलं प्रत्येक कारण विचार करण्यासारखं आहे. पण अभ्यासकाला आधी ठरवावं लागतं, की माझं प्रकरण कोणतं? फवारणारा मजूर हे प्रकरण मानलं, तर नजर हातमोज्यांवर जाईल. गावातलं कृषी केंद्र हे प्रकरण मानलं, तर कोणतं औषध कशात मिसळायचं हा सल्ला प्रत्यक्षात कोण देतो आणि त्याला विक्रीचं उद्दिष्ट असतं का, इकडे जाईल. आणि जिल्ह्याची सूचना-व्यवस्था हे प्रकरण मानलं तर? मग प्रश्न असा होतो : बाधित रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते, आणि राज्यभर त्याचा गाजावाजा झाला तो सप्टेंबर सरता सरता आणि ऑक्टोबरात. मधल्या आठवड्यांत ही माहिती कुठे होती? ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत होती का? वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात होती का? आरोग्य खात्याला जे दिसत होतं, ते कृषी खात्याला कोणत्या कागदाने कळायला हवं होतं? असा कागद ठरलेला तरी होता का?

पाहा, घटना तीच आहे. हद्द बदलली की प्रश्न बदलतो, आणि प्रश्न बदलला की उपाय बदलतो. पहिल्या हद्दीतून संरक्षक किट वाटपाची योजना निघते. तिसऱ्या हद्दीतून निघतो तो दोन खात्यांमधला रोजचा निरोप. दोन्ही लागतात. पण पहिल्याच हद्दीत अडकून राहिलो, तर दोष शेवटी मजुराच्या निष्काळजीपणावर येऊन पडतो आणि व्यवस्था सुटून जाते. हद्द ठरवणं ही कुणाला जबाबदार धरायचं याची पहिली पायरी असते. म्हणून ती डोळसपणे ठरवायची, आणि का ठरवली ते लिहायचं.

दुसरा मुद्दा : पुरावा.

मुंबईच्या डबेवाल्यांची कीर्ती जगभर आहे, आणि ती रास्त आहे. मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसं. त्यांच्या कामावर हार्वर्डमध्ये २०१० साली केस लिहिली गेली. पण त्यांच्याबद्दल एक वाक्य आपण व्यवस्थापनाच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकतो : एक कोटी साठ लाख डब्यांमागे एक चूक, आणि म्हणून ‘सिक्स सिग्मा’ या जवळपास बिनचूक कामाच्या दर्जाचं प्रमाणपत्र. हा आकडा आला कुठून? १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकात डबेवाल्यांवर लेख आला. लिहिणाऱ्या पत्रकाराने नंतर स्वतःच खुलासा केला, की आम्ही कसलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, तो शब्दही मी वापरला नव्हता. चूक कितीदा होते, असं त्याने संघटनेच्या प्रमुखांना विचारलं. जवळपास होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एकदा, असं उत्तर आलं. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे धरून त्याने गुणाकार केला. ऐंशी लाखांत एक चूक निघाली. डबे परतही जातात म्हणून आकडा दुप्पट झाला. बस्स, इतकंच.

यात डबेवाल्यांचं श्रेय तसूभर कमी होत नाही. त्यांची खूण करण्याची पद्धत, लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेलं काम, गटातली समान वाटणी, हे सगळं प्रत्यक्ष पाहता येतं आणि खरं आहे. पण अभ्यासक म्हणून आपण काय शिकायचं? अभिमानाने दिलेलं एक उत्तर गुणाकार होऊन आकडा बनतं, आकडा छापला जाऊन पुरावा बनतो, आणि मग वर्षानुवर्षं तो फारसं कुणी तपासत नाही. एकाच तोंडून आलेली गोष्ट दहा ठिकाणी छापून आली, तरी साक्षीदार एकच राहतो! म्हणून या पद्धतीत पुरावा निरनिराळ्या वाटांनी यावा लागतो. माणसं काय सांगतात, कागद काय सांगतात, आणि प्रत्यक्ष काम करताना काय दिसतं. या तिन्ही वाटा एका जागी येतात का, ते पाहायचं. येत नसतील तर घाबरायचं नाही. जिथे त्या फुटतात, तिथेच संशोधन सुरू होतं.

आणि कागदाचं काय? ‘सरकारी रेकॉर्डला आहे’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण प्रत्येक कागद कुठल्या तरी कामासाठी जन्माला येतो. शेतकरी आत्महत्येची फाईल घ्या. महाराष्ट्रात कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी ती तयार होते. निकष नापिकीचे, बँकेच्या किंवा परवानाधारक सावकाराच्या कर्जाचे, परतफेडीच्या तगाद्याचे. निकषात बसलं तर प्रकरण ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. आता या फाईलींचा गठ्ठा घेऊन कुणी निष्कर्ष काढला, की पात्र प्रकरणांत कर्ज हेच कारण आढळतं, तर त्याने काय शोधलं? निकषच शोधला. नातेवाइकाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले पैसे त्या फाईलीत सहज दिसणार नाहीत. सातबारा सासऱ्याच्या नावावर असलेली, आयुष्यभर शेतात राबलेली बाई त्या फाईलीत शेतकरी म्हणून दिसेल का? भाड्याने, ठेक्याने शेती करणारा दिसेल का? म्हणून कागद वाचताना दोन प्रश्न विचारायचे. यात काय आहे? आणि हा कागद ज्यासाठी केला, त्यामुळे यात काय येऊच शकत नाही?

तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने आजचा सर्वांत महत्त्वाचा : उत्तर पारखणं, म्हणजे आपल्या आवडत्या स्पष्टीकरणासमोर प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणं उभी करणं.

याला आपल्याकडे एक फार मोठं प्रकरण आहे. इतकं मोठं, की व्यवस्थापनाच्या जागतिक पाठ्यक्रमात त्याला जागा हवी होती. मी कापूस एकाधिकार खरेदी योजनेबद्दल बोलतो आहे. वसंतराव नाईक आपल्या पुसदचे, गहुलीचे. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९७१ चा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला कच्चा कापूस विकत घेण्याचा अधिकार एकट्या शासनाच्या यंत्रणेकडे आला. कास्तकाराने बंडी घेऊन संकलन केंद्रावर यायचं, ग्रेडरने प्रत ठरवायची, हमीभावाने चुकारा मिळायचा. पुढे कापूस जिनिंगमध्ये जायचा. सरकी वेगळी, रुई वेगळी, गठाणी बांधल्या जायच्या, विकल्या जायच्या, आणि हंगामाअखेर विक्रीतून जास्त पैसे आले तर तेही कास्तकाराला मिळायचे. व्यापाऱ्याची काटामारी संपावी, पिकवणाऱ्याला रुईच्या किमतीतला वाटा मिळावा, हा विचार उदात्त होता. जगात कुठेही एखाद्या राज्याने एका पिकाचा सगळा व्यवहार असा हातात घेणं, हे धाडसाचं काम होतं. आणि तरीही नव्वदीच्या अखेरीस योजना तोट्यात रुतली, चुकारे लांबले, आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला दार उघडून एकाधिकार संपला.

का? इथे बसलेल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार आहे. कुणी म्हणेल, भ्रष्टाचाराने खाल्लं. ग्रेडिंगमध्ये, वजनात, गठाणीत. कुणी म्हणेल, निवडणुकांवर डोळा ठेवून हमीभाव बाजाराच्या वर नेला. कुणी म्हणेल, जगातले कापसाचे भाव नव्वदीच्या उत्तरार्धात पडले, त्याला कोण काय करणार. कुणी म्हणेल, सगळा कापूस एका ढिगात गेल्यावर चांगली प्रत पिकवण्याचा उत्साह कुणाला राहणार. आणि खुल्या बाजाराचा आग्रह धरणारे शेतकरी नेते शरद जोशी यांना मानणारे म्हणतील, की बाजार बंदिस्त केला तेव्हाच शेवट ठरला होता.

यातलं खरं कोणतं? हात वर करून ठरवायचं का? ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं का? प्रकरण-अभ्यासाची शिस्त इथे कामी येते. प्रत्येक स्पष्टीकरणाला विचारायचं : बाबा रे, तू खरा असशील, तर आम्हांला काय दिसायला हवं? आणि काय दिसलं तर तू खोटा ठरशील?

जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहा. केळापूर, झरी जामणी हे तालुके सीमेवरचे. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तेव्हा आंध्र, आज तेलंगणा. पलीकडे एकाधिकार नव्हता. भाव पलीकडे चढले की पाटणबोरीच्या बाजूने कापूस तिकडे जायचा, आणि इकडचा हमीभाव वरचढ ठरला की तिकडचा कापूस इकडे यायचा. हे काही गुपित नव्हतं. सीमेवरच्या नाक्यांवर त्यासाठीच तर पहारे असायचे. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, एकाच खरेदी यंत्रणेखाली दोन तऱ्हेची केंद्रं होती : सीमेला लागून असलेली, आणि दारव्हा, दिग्रस, नेर अशी आत असलेली. अभ्यासकाला याहून चांगली संधी कोणती हवी?

योजनेचं मूळ दुखणं बाजार बंदिस्त करण्यात आणि हमीभाव बाजारापासून तुटण्यात असेल, तर सीमेजवळच्या केंद्रांवरची आवक पलीकडच्या भावाबरोबर वरखाली झालेली दिसायला हवी, आणि आतल्या केंद्रांवर हा चढउतार सौम्य हवा. मूळ दुखणं भ्रष्टाचाराचं असेल, तर नुकसान माणसांमागे आणि केंद्रांमागे फिरलेलं दिसेल; ग्रेडर बदलला की प्रतीचे आकडे बदलतील, मग पलीकडचा भाव काहीही असो. जागतिक भाव हेच कारण असेल, तर सगळी केंद्रं जवळजवळ एकाच हंगामात कोलमडतील. प्रतीचं स्पष्टीकरण खरं असेल, तर रुईच्या उताऱ्यात आणि लिलावात मिळालेल्या किमतीत वर्षागणिक घसरण दिसेल, भाव चढे असतानाही. चार स्पष्टीकरणं, चार वेगवेगळ्या खुणा. संकलन केंद्रांची जुनी रजिस्टरं, जिनिंगच्या नोंदी, निवृत्त ग्रेडर, हमाल, तेव्हाचे व्यापारी, आणि आज साठी-सत्तरी गाठलेले कास्तकार, हे सगळे साक्षीदार आहेत. कदाचित एकापेक्षा जास्त स्पष्टीकरणं टिकतील. कदाचित एक दुसऱ्याचं कारण निघेल. भाव राजकीय झाला म्हणून सीमेवरची आवक फुगली, आणि आवक फुगली म्हणून ग्रेडिंगमधली ढिलाई परवडू लागली. तसं असेल तर कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे तारखा लावून दाखवावं लागेल.

मित्रहो, हे काम केवळ इतिहासाची हौस म्हणून करायचं नाही. आजही शेतमालाच्या हमीभावाची, सरकारी खरेदीची, शेतकरी उत्पादक कंपन्यांची चर्चा आपण करतो. एवढा मोठा प्रयोग आपल्याच अंगणात तीस वर्षं चालला, आणि तो का फसला याबद्दल आपल्याकडे पक्की मतं आहेत, पण ती एकमेकांसमोर उभी करून पारखलेली नाहीत, तर पुढच्या योजनेत आपण काय टाळणार?

चौथा मुद्दा : पल्ला. नेहमीचा आक्षेप असा, की एका ठिकाणावरून काय सिद्ध होतं? यवतमाळात जे झालं ते लातूरला होईल कशावरून?

कापसाच्या ढिगातून मूठभर कापूस काढून ग्रेडर सगळ्या गाडीची प्रत सांगतो, तसं काम सर्वेक्षण करतं; तिथे मूठ ढिगासारखी असावी लागते. प्रकरण-अभ्यास मूठ काढत नाही. तो एकच बोंड उघडतो आणि आत अळी कशी शिरली, ते पाहतो. त्यातून अमुक टक्के बोंडं किडली असा आकडा मिळणार नाही. पण अळी कोणत्या वाटेने शिरते ते कळेल, आणि ते कळलं की दुसऱ्या शेतात कुठे पाहायचं, हेही कळेल. लागू पडतो तो आकडा नव्हे, लागू पडतं ते घडण्याचं कारण आणि त्याच्या अटी.

व्यवस्थापनशास्त्राचा पायाच मुळी असा घातला गेला. आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये अवघ्या चार अमेरिकी कंपन्यांचा इतिहास लिहिला : ड्यूपॉन्ट, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी आणि सिअर्स. धोरण बदललं की संस्थेची रचना बदलावी लागते, हा विचार त्यातून आला आणि सगळ्या जगाने तो उचलला. कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये अनेक प्रकरणं शेजारी ठेवून सिद्धान्त कसा बांधायचा, याची रीत लिहून काढली.

पण मला सर्वांत बोलकं वाटतं ते शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचं प्रकरण. तिथे १९२७ मध्ये एका छोट्या खोलीत ‘रिले’ नावाचे विजेचे भाग जोडणाऱ्या पाच मुलींच्या कामाचा अभ्यास सुरू झाला. विश्रांती, कामाचे तास, मोबदला, सगळं बदलून पाहिलं, आणि उत्पादन वाढत राहिलं. कामगाराकडे आपुलकीने लक्ष दिलं की काम सुधारतं, असा निष्कर्ष निघाला, आणि माणूस केंद्रस्थानी ठेवणारी व्यवस्थापनाची एक अख्खी विचारधारा त्यावर उभी राहिली. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी त्याच नोंदी पुन्हा काढल्या. त्यांना दिसलं, की १९२८ च्या जानेवारीत पाचांपैकी दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या, मोबदल्याची पद्धतही बदलली होती, आणि हे बदल निष्कर्षात पुरेसे मोजलेच गेले नव्हते. मग वाद सुरू झाला आणि तो आजही चालू आहे.

काही जण म्हणतील, पाहा, एका प्रकरणावर विसंबलं की असं होतं. मी उलटं म्हणतो. नोंदी तपशिलात ठेवल्या होत्या, म्हणून तर ते प्रकरण पन्नास वर्षांनी पुन्हा उघडता आलं! पाच मुली, एक खोली, आणि तरी पुन्हा पुन्हा शिकता येतं. संशोधकाचा निष्कर्ष चुकू शकतो. पुरावा मात्र असा ठेवावा, की नंतर येणाऱ्याला ती चूक सापडेल. आपल्या विद्यापीठांत प्रबंध जमा झाला की मुलाखतींच्या वह्या रद्दीत जातात. त्या सांभाळणं हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

आता माणसांबद्दल. ज्याला आपण प्रकरण म्हणतो, त्याच्या आत कुणाचं तरी घर असतं. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं ऐकले आहेत. कर्ज किती होतं? तो शेवटी काय बोलला? सांगणाऱ्या बाईला त्या उत्तरातून पुढे काय मिळालं? अहवाल तिच्यापर्यंत पोहोचला का? तिला वाचता येईल अशा भाषेत तरी होता का? मला हे मनापासून सांगायचं आहे, की अभ्यास करणाऱ्याचं एक देणं असतं. नाव गुप्त ठेवायचं म्हटलं तर गाव, जात, शेताचा आकार, वारल्याची तारीख असा तपशील देऊन ते उघडं करायचं नाही. नाही म्हणण्याचा हक्क खरोखरीचा असला पाहिजे; सोबत तलाठी किंवा सरपंच उभा असताना कुणी नाही म्हणेल का? आणि लिहून झाल्यावर ते ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना परत वाचून दाखवायचं. यात निव्वळ सौजन्य नाही, पद्धतही आहे. ‘साहेब, हे असं नव्हतं’ हे वाक्य तुम्हांला तिथेच ऐकायला मिळेल, आणि प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण बहुतेक वेळा याच वाक्यातून येतं.

थोडक्यात सांगतो. प्रश्न ‘कसं’ आणि ‘का’ असा हवा, आणि प्रकरणाची हद्द विचारपूर्वक ठरवलेली हवी. पुरावा निरनिराळ्या वाटांनी यावा, आणि प्रत्येक कागदाचा जन्म तपासावा. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणांना पूर्ण संधी द्यावी. निष्कर्ष आकड्याचा काढू नये, कारणाचा आणि त्याच्या अटींचा काढावा. नोंदी सांभाळाव्यात. माणसांचं देणं फेडावं.

आणि प्रकरणं कुठे शोधायची? दूर जायला नको. वणीच्या कोळसा खाणींनी बाजारपेठ, मजुरी आणि पाणी कसं बदललं? लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा मोठा कारखाना आला. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापड होऊ लागल्यावर कास्तकाराच्या भावात फरक पडला का, नसेल तर का? पांढरकवडा-राळेगाव भागात नरभक्षक ठरवलेली टी-वन वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत वन विभाग, गावकरी, न्यायालय आणि प्राणिप्रेमी यांच्यात निर्णय कसे झाले? एक महिला बचत गट दहा वर्षं टिकतो आणि शेजारचा दोन वर्षांत मोडतो, असं का? एकाच तालुक्यातल्या दोन शेतकरी उत्पादक कंपन्यांपैकी एकीचं दुकान चालतं, दुसरीचं फक्त नोंदणी प्रमाणपत्र उरतं, असं का? यातला प्रत्येक प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाच्या तोलाचा आहे. त्यासाठी मोठं अनुदान लागत नाही. वेळ लागतो, चिकाटी लागते, आणि ऐकण्याची तयारी लागते.

विद्यार्थ्यांना एक काम सांगून थांबतो. प्रकरण निवडलं, की पहिल्या मुलाखतीला निघण्याआधी एका कागदावर लिहा : मला काय सापडेल असं वाटतं. त्याखाली लिहा : काय सापडलं तर माझं हे म्हणणं मी सोडून देईन. त्यावर तारीख घाला आणि तो कागद मार्गदर्शकाकडे द्या. अभ्यास संपल्यावर तो प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात जसाच्या तसा छापा. तुमचं म्हणणं बदललं असेल, तर कशामुळे बदललं ते सांगा. टिकलं असेल, तर कोणत्या पुराव्यापुढे टिकलं ते सांगा. या जिल्ह्याबद्दल ठाम मतांची कमतरता कधीच नव्हती. पारखून घेतलेली उत्तरं मात्र फार थोडी आहेत, आणि ती मिळवण्याचं काम इथल्याच मुलामुलींनी करायचं आहे.